एकोणतीसचा पाढा आणि रक्तबंद महाराज

"सरका रे, सरका! म्हाराजांना वारा येऊ द्या!"

वारा यायला अख्खा डोंगर मोकळा पडला होता, पण करंजमाळची झाडून सगळी माणसं मारुतीच्या देवळापुढच्या अर्ध्या गुंठ्यात कोंबून उभी होती. म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, दोन शेळ्या आणि शेळ्यांना शोधायला आलेली राहीबाई. मध्ये पाटावर महिपत बसला होता. झाडावर टाहळ तोडताना कोयता निसटला होता आणि डावा हात मनगटाच्या वर चांगला चार बोटं कापला गेला होता. रक्त पाटावरून ओघळून शेळीच्या खुरापर्यंत पोचलं होतं म्हणे. आणि त्याच्यापुढे, डोळ्यांत काजळ घालून, एक हात आभाळाकडे करून, उभे होते श्री रक्तबंद महाराज.

"बच्चा, भिऊ नको!" महाराज गरजले. "हे रगत तुजं नाय. देवीनं तुला भाड्यानं दिलेलं हाय! मालकीण म्हनाली थांब, तर भाडोत्री जाईल कुटं? पोलादपूरच्या एस्टी स्टँडवर?"

"नाय जानार!" गर्दी म्हणाली.

"ओम् ऱ्हीं कारडिंगाय नमः! ओम् ऱ्हूं वायंडिंगाय नमः! ओम् स्पिंडलेश्वराय फट् स्वाहा!"

या देवता मी कोणत्याही पोथीत वाचल्या नव्हत्या. पण गर्दीने हात जोडले होते आणि राहीबाईच्या डोळ्यांना तर धार लागली होती.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या माघातली. मी तेव्हा करंजमाळच्या एकशिक्षकी शाळेवर होतो. पोलादपुरातून दीड तास चढलं की ही वाडी लागते. मी मूळचा महाडचा, चवदार तळ्याच्या शेजारी वाढलेला. आमच्या घरात कुणी भस्म पुढे केलं की आई त्याने भांडी घासायची. त्यामुळे बुवा दिसला की माझं डोकं फिरतं.

माघ लागला की आमच्या डोंगरातली माणसं झाडांवर चढतात. ऐन-किंजळाच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या आणि भाताचं रोप करायच्या जागेवर पसरून जाळायच्या. हा आमचा राब. या फांद्यांना टाहळ म्हणतात. टाहळांबरोबर दरवर्षी थोडी माणसंही तुटतात. मग जखमेत कोळ्याचं जाळं भरायचं की तंबाखू, चुना घालायचा की चुलीतली राख, हे जी आत्या आधी पोचेल ती ठरवते. महाराज नेमके याच दिवसांत उगवले होते. पंधरा दिवसांत त्यांनी तिघांचं रक्त थांबवलं होतं आणि त्यांच्या झोपडीमागे नऊ कोंबड्या कॉक-कॉक करत होत्या.

माझ्याकडे या चमत्काराचं उत्तर तयार होतं. महाडच्या वाचनालयात मी एक पुस्तिका वाचली होती. हळदीत चुना कालवला की लालभडक होतो, भोंदू लोक तेच रक्त म्हणून दाखवतात आणि वर लिंबू पिळलं की त्याची पुन्हा हळद होते. लग्नाच्या हळदीचे डाग साबणाने धुताना लाल होतात, हे कुठल्याही बाईला विचारा. मी त्या दिवशी शर्टाच्या खिशात कापलेलं लिंबू घेऊनच आलो होतो.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. मला रक्त बघवत नाही. डास मारला तरी मी तळहाताकडे न बघता हात धुतो. म्हणून मी गर्दीत शिरलो तो मान फिरवून, डोळे घट्ट मिटून.

"थांबा!" मी ओरडलो. "हे रक्त नाहीच! ही हळद आणि चुना आहे! आता बघा विज्ञानाचा प्रताप!"

आणि मी अंदाजाने लिंबू पिळलं.

महिपतने जी किंकाळी फोडली तिने देवळावरची माकडं पळाली. पाठोपाठ त्याची लाथ माझ्या पोटात बसली. मी शेळीवर पडलो आणि शेळी राहीबाईवर.

"आये गो! मेलो! मास्तरान मारला!" महिपत नाचत होता.

"बघा!" महाराजांना तर पर्वणीच मिळाली. "नास्तिकाच्या लिंबानं रगत खवळलं! देवी कोपली! बसा खाली सगळे. आता माळ पुरी होईपतोर कुनी हलायचं नाय!"

मी शेळीच्या बाजूला डोळे मिटून पडून होतो. कानावर कारडिंगाय, वायंडिंगाय पडत होतं. मग बराच वेळ नुसतीच पुटपुट. मग एकदम जल्लोष झाला.

"थांबला! रगत थांबला!"

नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा मलाही मिळाला आणि त्या दिवसापासून वाडीत माझं नाव लिंबूगुरुजी पडलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पोलादपूरला उतरलो आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्स ललिताबाईंना गाठलं. ललिताबाई दासगावच्या. आवाज खणखणीत, हात त्याहून खणखणीत. त्यांनी इंजेक्शन दिलेलं पोर पुढच्या वर्षीपर्यंत त्यांना ओळखतं. त्या सुया उकळत ठेवून माझी कहाणी ऐकत होत्या. लिंबापर्यंत आलो तेव्हा त्या हसता हसता स्टुलावरून घसरल्या.

"खऱ्या जखमेवर? लिंबू?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "गुरुजी, त्या महाराजाने माणसं तरी बरी केली हो."

"तेच विचारायला आलोय," मी म्हणालो. "रक्त खरं होतं. थांबलंही खरं. मंत्राने रक्त थांबतं का?"

"मंत्राने माझी एस्टी थांबत नाही, रक्त कसलं थांबतंय! मला सांगा, मंत्र म्हणताना त्याचे हात कुठे होते?"

"हात?"

"हात. जखमेवर फडकं होतं का? त्याने दाबून धरलं होतं का? महिपतचा हात वर धरला होता की खाली लोंबत होता?"

मी उकळत्या सुयांच्या भांड्याकडे बघायला लागलो.

"काय झालं?"

"माझे डोळे मिटलेले होते."

ललिताबाईंनी चिमट्याने सुई बाहेर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. "वाडीतली माणसं डोळे उघडे ठेवून हात जोडतात," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही डोळे मिटून चिकित्सा करता. फरक काय राहिला?"

हे मला फार लागलं. परतीचा दीड तासाचा चढ मी पाऊण तासात चढलो तो रागाने, आणि राग माझा मलाच आला होता.

संधी आठवड्याभरात आली. राहीबाईचा तळवा विळीवर कापला. या खेपेला मी देवळाचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि डोळे ताणून उघडे ठेवले. भोवळ येऊ नये म्हणून मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणत राहिलो. हा पाढा मी मुद्दाम निवडला होता, कारण तो मला येत नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर मी एकोणतीस सक्‌ला अडकलो होतो. तेव्हापासून तो म्हणायला लागलं की डोकं दुसरीकडे जातच नाही.

आणि मी पाहिलं. महाराजांनी आधी राहीबाईला आडवं केलं. तिचा हात उचलून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, काळजाच्या वर येईल असा. धुतलेल्या फडक्याची जाड घडी जखमेवर ठेवली. मग आपला तळवा त्या घडीवर टेकून अंगातला सगळा जोर लावला, इतका की त्यांच्याच मानेच्या शिरा फुगल्या. दुसऱ्या हाताने माळ ओढत होते, आणि आभाळाकडे बघून गरजत होते.

"माळ पुरी होईपतोर फडका कुनी उचलायचा नाय! उचलील त्याचं घर जळंल!"

ही धमकी कशासाठी, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या वाडीत जखमी माणसाला भेटायला जाऊन जखम न बघता परतणं म्हणजे माणुसकी सोडणं. जो येतो तो फडकं उचलतो, "बघू, थांबला काय?" म्हणतो, चुकचुकतो आणि फडकं परत ठेवतो. जरा साकळलेलं रक्त पुन्हा वाहायला लागतं. तेवढ्यात दुसरा येतो. त्यालाही माणुसकी असतेच. चाळीस घरांची माणुसकी एका जखमेला फार होते.

मी घड्याळ लावून पाहिलं. एकशे आठ मण्यांची माळ पुरी व्हायला बारा मिनिटं लागली. मग महाराजांनी त्याच फडक्यावरून पट्टी करकचून बांधली आणि कोंबडी मागितली.

"मंत्र नाही, हात!" मी घरोघर जाऊन ओरडलो. "तो नुसता दाबून धरतो! मंत्र म्हणजे फक्त घड्याळ!"

महिपत ओट्यावर बसला होता. त्याने शांतपणे विचारलं, "मंग तुमी तुमच्या हातानं लिंबू दाबलात, तवा का नाय थांबला?"

याला उत्तर होतं, पण ऐकायला कुणी थांबलं नाही. माझ्या त्या एका लिंबाने वाडीतली माझी पत धुऊन नेली होती. मी खरं बोलत होतो आणि माझं खरं कुणी घेत नव्हतं. शिक्षकाला याहून मोठी शिक्षा नाही.

चार दिवसांनी महाराजांना वीर गावाकडच्या भक्तांचं बोलावणं आलं. वाडी रडकुंडीला आली. मग महाराजांनी झोळीतून लाल दोऱ्यांची गुंडाळी काढली.

"मी नसलो म्हनून काय झालं? हा रक्तबंद दोरा! लागलं की जखमेच्या वर बांधायचा, हात जोडायचे, मंत्र बोलायचा. बस, काम फत्ते! एका घराला एक दोरा, एका दोऱ्याला एक कोंबडी."

दाबायचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तेवढंच तर त्यांच्याकडे खरं होतं. ते महाराज कशाला वाटतील? एकवीस कोंबड्या कावडीला उलट्या टांगून, शिव्याशाप ऐकत (कोंबड्यांचे), महाराज डोंगर उतरले.

त्याच आठवड्यात सहदेव वाडीत परतला. पंधरा वर्षं मुंबईला गिरणीत होता. संपानंतर गिरणी आज उघडेल, उद्या उघडेल करत वर्षभर तिथेच काढलं आणि शेवटी पत्र्याची पेटी घेऊन घरी आला. त्याची बायको तुळसा. या बाईने इतकी वर्षं एकटीने भात लावलं, एकटीने राब भाजला. नवरा आला त्या दिवशी ती लाजेने तीन वेळा पाणी आणायला गेली होती.

रविवारी सकाळी सहदेव म्हणाला, "यंदाचा टाहळ मी तोडतो." पंधरा वर्षांनी माणूस झाडावर चढला. हात मशीनच्या सवयीचे. कोयता फांदीवरून उडाला आणि डाव्या पोटरीत घुसला.

मी शाळेच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. तुळसाची हाक ऐकली आणि धावलो.

झाडाखालून उचलून आणलेला सहदेव खळ्यात पडला होता. गुडघ्याखाली लाल दोरा बांधलेला. पोटरीवर कुणीतरी टाकलेला पंचा. भोवती तीसएक माणसं हात जोडून उभी, आणि सगळ्यांच्या पुढे तुळसा, डोळे मिटून, खाडखाड मंत्र म्हणत होती. "कारडिंगाय नमः, वायंडिंगाय नमः." तिच्यामागून सगळे. मध्येच एखादा पुढे व्हायचा, पंचा उचलायचा, "बघू, थांबला काय?" म्हणायचा आणि मागे जाऊन पुन्हा हात जोडायचा. रक्त खळ्याच्या सारवणावरून वाळत घातलेल्या टाहळांपर्यंत गेलं होतं. सहदेवचे ओठ पांढरे पडले होते.

"दाबा!" मी ओरडलो. "अरे, कुणीतरी हात ठेवा त्याच्यावर!"

"मंत्र मोडंल, गुरुजी," राहीबाई म्हणाली.

मी इकडे तिकडे पाहिलं. तीस माणसं, साठ हात, सगळे जोडलेले. मोकळे हात फक्त माझे होते. माझ्या खांद्यावर वाळत घालायचा राहिलेला माझा लेंगा होता, धुतलेला, ओला. मी पुढे झालो. तो दोरा नखांनी तोडून फेकला. लेंग्याची जाड घडी केली, पोटरीवर ठेवली, सहदेवचा पाय उचलून उलट्या घमेल्यावर टेकवला आणि दोन्ही तळवे त्या घडीवर ठेवून सगळ्या अंगाचा भार टाकला.

हाताखाली ऊन ऊन लागलं. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता पडणार, हे मला कळलं. मी तोंड उघडलं आणि जे आलं ते मोठ्याने म्हणायला लागलो.

"एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!"

मंत्र बंद पडला. सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली.

"ह्यो कुठला मंत्र?" कुणीतरी विचारलं.

"एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी! एकोणतीस चोक एकशे सोळा! एकोणतीस पाचे एकशे पंचेचाळीस!"

लेंग्यातून लाल वर आलं. तो उचलला असता तर संपलंच असतं. मी दुसरं कापड मागितलं. राहीबाईने तिच्या नवऱ्याचं धोतर दिलं, ते त्याच घडीवर चढवलं आणि आणखी जोर लावला. तेवढ्यात महिपतचा हात पुढे आला.

"बघू जरा, थांबला काय..."

"हात लावलास तर तुझं घर जळेल!" मी किंचाळलो.

महिपत तीन पावलं मागे गेला. एका विवेकवादी माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं याची मला आजही लाज वाटते. पण फडकं जागेवर राहिलं, त्यामुळे फार वाटत नाही.

"एकोणतीस सक... एकोणतीस सक एकशे..." मी नेहमीच्या जागी अडकलो. "एकशे चौसष्ट!"

खालून एक बारीक आवाज आला.

"चौऱ्याहत्तर."

"काय?"

"एकशे चौऱ्याहत्तर, गुरुजी," सहदेव डोळे न उघडता म्हणाला. "धा कमी धरलात."

"बोलला! बोलला गो!" तुळसा खाली बसली आणि रडायला लागली.

मी पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. दर वेळी मी सक्‌ला चुकत होतो आणि दर वेळी सहदेव दुरुस्त करत होता. जोवर तो दुरुस्त करत होता तोवर माझा जीव भांड्यात होता. तेरा वेळा पाढा झाला. हाताखालचा ओलावा वाढायचा थांबला. तरीही मी लेंगा उचलला नाही. तुळसाने लुगड्याचा काठ टरकावून दिला, त्याने त्या सगळ्या गाठोड्यावरून घट्ट बांधलं. मग घोंगडीची डोली केली आणि सहदेवला पोलादपूरला उतरवलं.

डॉक्टरांनी टाके घातले, सलाइन लावलं. ललिताबाईंनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि बाहेर येऊन विचारलं, "कुणी दाबलं होतं?"

"मी."

"डोळे उघडे होते?"

"अर्धे."

"शाबास. वाचला तो. आणखी थोडा वेळ नुसता मंत्र चालला असता तर खाली आणायची गरज पडली नसती."

मी कपाळ पुसायला हात वर केले, तेव्हा मला माझे हात दिसले. पुढचं मला ललिताबाईंनी सांगितलं. पडताना मी सुयांचं भांडं सांडलं म्हणे.

दहा दिवसांनी महाराज परत आले, कोंबड्यांची रिकामी कावड घेऊन. सहदेव काठी टेकत ओट्यावर बसायला लागला होता. गावभर बातमी होती की दोरा तोडला तरी दोऱ्याचाच गुण आला. त्याच दिवशी ललिताबाई लसी टोचायला वाडीत आल्या होत्या. मी सगळ्यांना शाळेत बोलावलं. महाराजही आले, कारण गर्दी दिसली की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळत.

"बोला! सहदेवाला कुनी तारला?" महाराज दारातूनच गरजले. "ओम् ऱ्हीं कारडिंगाय..."

"चांगू," सहदेव बाकावरून म्हणाला, "कारडिंग खात्याला नमस्कार कवापासून करायला लागलास रे?"

महाराजांचा हात आभाळाकडे अर्ध्यावरच राहिला.

"कारडिंग, वायंडिंग, स्पिंडल," सहदेव सांगायला लागला. "ही सगळी गिरणीतली खाती नि मशिनी. खळ्यात पडलो व्हतो तवा ऐकून मला वाटला, गिरनी उघडली. ह्यो चांगू आमच्या गिरनीत दवाखान्याच्या खोलीत व्हता. कुनाचा हात पट्ट्यात गेला की ह्योच दाबून धरायचा, पट्टी बांधायचा. चांगला मानूस व्हता."

चांगू मटकन खाली बसला. घामाने काजळ पसरून त्याचा चेहरा तव्यासारखा झाला.

"संपात गेली नोकरी," तो म्हणाला. आवाजातली गर्जना कुठच्या कुठे गेली होती. "बिरवाडीला एकाच्या मांडीला कुऱ्हाड लागली. मी सांगितला, दाब, वर धर, बघू नको. तो बोलला, तू कोन डागतर लागून गेलास? आनि जखमेत माती भरली. म्हयन्यानं माळ घालून त्याच गावात गेलो. दुसऱ्या कुनाला लागला तवा तेच केलं, वर मंत्र बोललो. पाया पडले, कोंबडा दिला. मी काय करू? सरळ सांगून कोन ऐकतो?"

मला माझं घरोघर ओरडणं आठवलं आणि क्षणभर त्याची दया आली. ललिताबाईंना आली नाही.

"ते समजलं," त्या म्हणाल्या. "पण दोरे का विकलेस? तुला माहीत होतं ना, दोऱ्याने काही होत नाही? उलट वर बारीक दोरा आवळला की शिरेतलं रक्त माघारी जाऊ शकत नाही, ते जखमेतून आणखी वाहतं. दाबायचं शिकवायला काय झालं होतं?"

चांगूने मान खाली घातली. "दाबायचा शिकवला असता तर परत मला कोन बोलावनार व्हता?"

"म्हणजे एका कोंबडीपायी माजा मानूस जात व्हता!" तुळसा इतकंच म्हणाली.

ललिताबाईंनी शाळेतलं पाण्याचं मडकं मागवलं, बुडाशी खिळ्याने भोक पाडलं आणि ते टेबलावर ठेवलं. पाण्याची धार जमिनीवर पडायला लागली.

"म्हणा मंत्र. सगळ्यांनी. हात जोडून."

तीस जणांनी म्हटला. धार चालूच राहिली. महिपतने तर जास्त जोर लावून दोनदा म्हटला.

"आता दोरा बांधा." बांधला. धार चालू.

"आता महिपत, भोकावर अंगठा दाबून धर." धार थांबली. "आता शिव्या दे."

"कुनाला?"

"हव्या त्याला."

महिपतने आधी चांगूला दिल्या, मग लिंबावरून मला दिल्या, मग स्वतःच्या सासऱ्याला दिल्या. सासरे तिथेच बसले होते. पाण्याचा एक थेंब पडला नाही. शाळा हसून हसून लोळायला लागली.

"रक्त तर पाण्याहून गुणी," ललिताबाई म्हणाल्या. "दहा-पंधरा मिनिटं कुणी न छेडता थोपवून धरलं, की खरवस जमतो तसं आपलं आपण जमतं. मंत्र म्हणा, पाढा म्हणा, शिव्या द्या, नाहीतर गप्प बसा. स्वच्छ फडकं, पूर्ण जोर, जखमी माणूस आडवा, कापलेला हातपाय वर. भिजलं तर त्यावरच दुसरं फडकं. उचलून बघायचं नाही. माती नाही, राख नाही, तंबाखू नाही. आणि तसंच बांधून दवाखान्यात आणायचं. चांगू, ये इकडे. आता फुकट शिकव सगळ्यांना, मी बघतेय."

चांगूने शिकवलं. खरं सांगायचं तर फार चांगलं शिकवलं. एकेका बाईचा तळवा धरून जोर कुठून लावायचा ते दाखवलं. फक्त सवयीने मध्येच "ओम्" म्हणायचा आणि जीभ चावायचा.

सगळ्यात शेवटी तुळसा उठली. ती मडक्यापाशी गेली. महिपतने अंगठा काढला आणि धार पुन्हा सुरू झाली.

"मी तवा हात जोडून उभी व्हते," ती म्हणाली. "ह्यो एक हात नि ह्यो एक. भात कांडून कांडून दगड झालेले. माजा मानूस म्होरं वाहत व्हता, नि मी हे दोन हात एकमेकांत गुंतवून बसले व्हते. त्याच्यावर एक बी ठेवला नाय."

सहदेव काहीतरी म्हणायला गेला, तिने त्याला गप्प केलं. मग तिने दोन्ही तळवे मडक्याच्या भोकावर ठेवले आणि दाबले. धार थांबली.

"बायांनो, कुनाला लागला तर पहिला हात ठेवा," ती म्हणाली. "देवाला मागनं जोडा. देव थांबतो. रगत नाय थांबत."